बारा सायकली, एकच माप

देविदासभाऊ गेल्याचा निरोप मला नेरच्या बसस्थानकावर मिळाला, तोही तीन दिवस उशिरा. सांगणाऱ्याला वाटलं, मला ठाऊकच असेल. आता पाच आठवडे झाले, तरी माझा स्वतःवरचा वैताग ओसरत नाही.

नेरला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाने माणसं खचवली त्या वर्षांत मी एका लहान संस्थेत खरेदीचं काम पाहायचो. घरचा कर्ता गेलेल्या बायांना भेटायला आमच्या बारा कार्यकर्त्या गावोगाव जात. एसटी फाट्यावर सोडायची, पुढे पांदण, काळ्या मातीची शेतवाट. म्हणून मी जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घ्यायचं ठरवलं. पुढच्या चाकाला सस्पेन्शन, मागचा भाग कडक. व्यापाऱ्याकडे एकीवर बसून पाहिलं, छान वाटलं, तशाच बारा मागवल्या.

जोडणीसाठी त्या देविदासभाऊंकडे गेल्या. सायकल त्यांना पसंत पडली. मागे स्प्रिंग नाही तेच बरं, म्हणाले, पायाचा जोर वाया जात नाही अन् बिघडायलाही काही उरत नाही. पण मग त्यांनी आपल्या बायकोकडून, वहिनींकडून, प्रत्येकीच्या पायाची आतली, जांघेपासून टाचेपर्यंतची उंची मोजवून घेतली. बाराजणींपैकी तिघींनाच फ्रेम बसत होती. मी म्हटलं, सीट खाली करा.

“सीट खाली केली तं पाय पेडलले पुरते,” ते म्हणाले, “पण मधला दांडा थोडीच खाली जाते? एकदम थांबा लागलं तं बाई उतरन कशी? हँडलही दूर पडून राह्यलं. तुमच्या मापाच्या आणल्या तुम्ही, सायेब.”

मला ते लागलं. बदलून घ्यायला एक पत्र पुरलं असतं. वाटपाचा कार्यक्रम ठरला होता... मी लिहिलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात आमची वंदना बोरी अरबजवळ पडली. समोर बैल आला, तिने ब्रेक दाबला, पाय जमिनीला टेकलाच नाही. मनगट मोडलं. दवाखान्यातून मी थेट दुकानात गेलो आणि ब्रेक नीट लावले नाहीत म्हणून चारचौघांत देविदासभाऊंनाच बोललो. ते खाली मान घालून स्पोक आवळत राहिले. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही.

वर्षभराने वंदनाने सांगितलं, ती पडल्यावर देविदासभाऊंनी मापात न बसणाऱ्या नऊ सायकली एसटीच्या टपावर टाकून, दोन-तीन खेपांत यवतमाळला नेल्या होत्या. व्यापाऱ्याशी हुज्जत घालून लहान फ्रेमच्या आणल्या. मला सांगू नका म्हणाले होते, सायबाले कायले कमीपणा.

तरी मी गेलो नाही. दुकानावरून गाडी जायची तेव्हा समोर बघायचो. पुढच्या महिन्यात जाऊ, दिवाळीला जाऊ...

गेल्या आठवड्यात गेलो. वहिनींनी दुकान उघडून दिलं. देविदासभाऊंचा बुटका पाट तिथेच होता. मी त्यावर बसलो. बसल्या जागी हात पोचेल इतक्या खाली त्यांनी सगळे पाने खिळ्यांना टांगून ठेवले होते, एकासाठीही उठावं लागू नये असे.

“वहिनी, सायकलींची चूक माझी होती.”

“त्यायले मालूम होतं,” त्या म्हणाल्या. “तुमाले कधी मालूम होते, याची वाट पाहत होते.”