तिफणीच्या मापाचे रूळ

खामगावहून जालन्याला रेल्वे पाहिजे, ही आमची मागणी. महाराष्ट्र झाला, आता कोण अडवणार? अडवलं आम्हीच. खामगावचे रूळ रुंद, साडेपाच फुटांचे. जालन्याचे अरुंद, एका मीटरचे. हे दोन जिथं भेटतील तिथं कापसाच्या गाठी उतरवून दुसऱ्या गाडीत भराव्या लागणार, आणि ती कटकट प्रत्येकाला दुसऱ्याच्या गावात हवी होती. म्हणून जो तो आपल्याच रुंदीचे रूळ मागत होता. पण दोघांचा मिळून एक अर्ज गेला नाही, तर सरकारला नाही म्हणायला आयतं निमित्त! वर नव्या मीटरच्या कायद्यानं दुकानदारानं गज वापरला की दंड, सरकारची गाडी मात्र खुशाल फुटांवर धावते. हे मी पत्रकात ठळक छापलं होतं.

वाटेवरच्या दुसरबीडच्या बाजारात सभा ठेवली. लोकांना रुंदी डोळ्यांनी दिसावी म्हणून मी खामगावच्या रुळांची रुंदी दोरावर गाठी मारून मोजून आणली होती. जालन्याहून माझ्याच वयाचा एक कार्यकर्ता आला, त्यानंही तिकडचा दोर आणलेला. मी कापडवाल्याचा नवा सरकारी शिक्क्याचा मीटर घेतला आणि त्याचा दोर ताणला. तीन बोटं जास्त!

"पाहा यांचा मीटर! सरकारपेक्षा लांब!" मी ओरडलो.

तो कसला गप्प बसतो! सुताराची फूटपट्टी आणून त्यानं माझा दोर मोजला. तोही तीन बोटं जास्त.

"काऊन बे, रेल्वे मोजून राह्यले का लुगडं?" मागून कोणीतरी म्हणालं. भाजीवाल्या बायाही हसल्या.

तो जवळ आला. "खरं सांग, गाठ कुठं धरली होती?"

"रुळाच्या मधात. तिफणीचे दात मोजतो तशी."

"मी बी."

पेरणीची तिफण आम्ही एका दाताच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजतो. रेल्वे मोजते रुळांच्या आतल्या कडा. दोघांच्याही दोरात रुळाच्या माथ्याची रुंदी शिरली होती.

"माप धड घेता येईना अन् रुंदीसाठी भांडतोय," तो म्हणाला. "ती इंजिनेराला ठरवू दे. आपण रूळ मागू."

"लिही मग तसं."

कापडवाल्याच्याच गादीवर बसून आम्ही एक अर्ज लिहिला. त्यात फूट नाही, मीटर नाही. हसणाऱ्यांनीच आधी सह्या-अंगठे केले.

पत्रकांचे गठ्ठे बांधायला दोर लागलाच. दोन्ही कामी आले. संध्याकाळच्या एस्टीच्या टपावर ते चढवले. पुढची सभा बीबी गावच्या बाजारात होती, दोघांची मिळून.