धरा ताई

गाडी सुरू करण्याआधी काका स्वतःचा फोन माझ्या हातात द्यायचे. "धरा ताई. लक्ष एकच हाय, ते रस्त्याला दिलंय."

ते आमच्या ऑफिसच्या कॅबचे ड्रायव्हर. खडकीहून खराडीला जाताना पुढच्या सीटवर मी, मागे ऑफिसातल्या दोघी. अनोळखी फोन आला तर तो वाजून बंद होईपर्यंत मी नुसती बघत बसते. तुमच्यातही अशी माणसं असतील. इथे तर मला दुसऱ्याचे फोन उचलावे लागत.

हळूहळू काकांच्या बायकोला माझी सवय झाली. मेथी आणायला सांगा, निवडून घ्या म्हणावं, असे निरोप यायला लागले. काका ते गाडी थांबल्यावरच ऐकत. "मेथी काय पळून जात नाही."

कुणी खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून स्कूटरवरून गेला की म्हणत, "मान धरलीय बिचाऱ्याची. शेकून द्या कुणीतरी."

एका सकाळी येरवड्याच्या पुलावर त्यांचा फोन वाजला. गावी त्यांची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती, हे आम्हाला माहीत होतं. बायको म्हणाली, "सासूबाई यांचं नाव घेतायत. यांच्या कानाला लावा ना फोन."

मी काकांना सांगितलं. माझा हात त्यांच्या कानापाशी पोचलाही होता. त्यांनी मान बाजूला घेतली.

"गाडी उभी करतो. थांबायला सांगा."

पुलावर उभं राहायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंनी दुचाक्या घुसत होत्या. काकांनी वेग वाढवला नाही. पूल उतरून, इंडिकेटर देऊन, हँडब्रेक ओढून मग त्यांनी हात पुढे केला. तोवर माझ्या कानावर फक्त रडणं येत होतं.

ते दोन शब्द बोलले आणि आम्हाला म्हणाले, "आई गेली." आम्ही रिक्षाने जातो म्हटलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि फोन परत माझ्याकडे दिला.

"धरा."

त्यानंतर ते आले नाहीत. गावीच राहिले, एवढंच कळलं. त्यांना बरोबर म्हणावं की कठोर, मला अजून ठरवता येत नाही. पुलावर चढताना एक वाटतं, उतरताना दुसरंच.

काल पुलावर नव्या ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याने तो उचलला. मी हात पुढे केला.

"काय पाहिजे, मॅडम?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं.

गाडी चालूच होती. मी हात मागे घेतला नाही.