उप्पु कम्मी

आमच्या कंग्राळीत डोळे पिवळे झाले की कावीळ, दुसरं काही नाही. माझे सारखेच व्हायचे. मी पाचेक वर्षांची असेन. नंदगडच्या वैदूनं सांगितलेलं पथ्य आई कडक पाळायची: तेल नाही, हळद नाही, मीठ नाही. भावंडांना लागू नये म्हणून माझं अंथरूण मागच्या पडवीत. ती सगळी आत आमटीभात भुरकत खिदळायची आणि मी भिंतीकडे बघत अळणी पेज गिळायची. एकटं बसणं एक वेळ सोसलं असतं, पण त्या पेजेसोबत नको होतं.

पुढं चालताना धाप लागायला लागली, तेव्हा आप्पांनी मला आणि आईला बैलगाडीत घालून बेळगावच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा साहेबाचं राज्य होतं. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी माझं रक्त काढलं आणि ओळीनं मांडलेल्या काचेच्या नळ्यांत थेंब थेंब सोडलं. नळ्यांत मिठाचं पाणी, एकीपेक्षा दुसरीत मीठ कमी. रक्त तळाशी बसायला हवं होतं. माझ्या बहुतेक नळ्यांत ते फुटून पाणीच लाल झालं.

डॉक्टर धारवाडकडचे. ही कावीळ नव्हे, हिचं रक्त जन्मापासूनच नाजूक आहे, असं ते कानडीत सांगत होते. आईचं कानडी बाजारापुरतं. तिला दोनच शब्द कळले: "उप्पु कम्मी." मीठ कमी. नळ्यांतलं लाल पाणी बघून तिनं अर्थ लावला: मीठ कमी झालं की रक्त फुटतं.

"अवो, म्याच पोरीचं रगत फोडलं की," ती आप्पांना म्हणाली. "वरीसभर अळणी घातलं."

त्या डॉक्टरांचा मला अजून राग येतो. एवढे शिकलेले, पण 'नळीत' हा एक शब्द तिला नीट समजावून सांगितला नाही.

मिरजेला ऑपरेशन करून माझी पानथरी, म्हणजे प्लीहा, काढली; नाजूक रक्त तीच मोडत होती. डोळे निवळले, मी पंगतीत आले. आई मात्र आपलं ताट घेऊन पडवीत जाऊन बसू लागली. तिनं मीठ सोडलं होतं.

हायस्कुलात गेल्यावर मी तिला समजावलं. "आई, ते मीठ नळीतलं गं, जेवणातलं न्हवं. तुझा काय दोष न्हाय."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "उद्यापास्नं खातो की."

ती गेली त्या दिवशी सकाळीही तिची अळणी पेज मीच शिजवली होती.