पहिल्या अंड्याचा नवस

एखादी गोष्ट हात न लावता राहू देणं खंडेरावांना कधी जमलं नाही. दिंडोरीजवळ आमची घरं शेजारीशेजारी. काही वर्षं ते पाणीवाटप सोसायटीचे चेअरमन होते. त्या काळात पाणी कमी आलं आणि सभा जास्त झाल्या. पद गेल्यावर त्यांनी घरच्या कोंबड्या हाती घेतल्या.

कोंबड्या खरं तर त्यांच्या बायकोच्या, कुसाबाईंच्या. लेक मोहिनी मार्गशीर्षात बाळंतपणाला येणार होती. तिला घरची गावठी अंडी मिळावीत एवढीच बाईंची इच्छा. आणि नेमकी दसऱ्यानंतर कोंबड्यांची पिसं झडू लागली. अंडी बंद. तांबडी ही सगळ्यात चांगली कोंबडी, ती तर मानेपासून शेपटीपर्यंत उघडी पडली.

मी उभी हयात द्राक्षबागांत छाटणी केली. ऑक्टोबरात बाग छाटली की नुसत्या काड्या उरतात. तेव्हा बागेची दृष्ट कोणी काढत नाही. खतपाणी देतात आणि वाट बघतात. कोंबडीचं तेच. जुनी पिसं टाकते, नवी आणते, तोवर अंड्यासाठी अंगात काही उरत नाही. हे मी खंडेरावांना सांगितलं.

"देवराम, तू काड्या छाटणारा माणूस," ते म्हणाले. "ही नजर हाय."

मग त्यांनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कोंबड्या शिंकल्या, घरचेही शिंकले. मग तेलात हळद कालवून तांबडीच्या अंगाला चोळली. फुटत्या पिसाला नुसतं बोट लागलं तरी ठणकतं. ती किंचाळत पत्र्यावर जाऊन बसली. शेवटी थंडी वाजेल म्हणून तिला जुन्या ब्लाउजची बाही चढवली. तो अवतार बघून कोंबडाच ओसरीवर पळाला.

कुसाबाईंनी रोज सकाळी दाण्यात सुका जवळा आणि शेंगदाण्याची पेंड मिसळली. कोंबड्या झाकायचं डालगं सावलीत ठेवलं. बाही काढून टाकली. बाकी काही केलं नाही.

खंडेरावांना हे काम वाटलं नाही. ते मरीआईसमोर गेले आणि चारचौघांत बोलले, "आई, जी पहिलं अंडं घालील ती तुला."

मी म्हटलं, "पहिलं अंडं घालणार कोण? जी सगळ्यात चांगली तीच ना?"

"मग देवीला काय मरतुकडी द्यायची?"

कुसाबाईंनी ऐकलं आणि पदर खोचला.

थंडी पडली, तांबडी नव्या पिसांनी चमकू लागली. एका सकाळी कुसाबाई डालग्यातून काहीतरी उचलून बाजरीच्या कोठीत ठेवताना मला दिसल्या.

"भाऊजी, काय बघितलं?"

"बाजरी."

"शहाण्या माणसाला बाजरीच दिसावी."

"आणि मरीआईला?"

"तिला मी सांगितलंय. ती पण बाईच हाय."

मोहिनी आली. रोज तिच्या ताटात उकडलेलं अंडं, सोलून. एक खंडेरावांनाही.

"दुकानातली अंडी आता गावठीसारखी लागत्यात," ते खाता खाता म्हणाले. "आपल्या कोंबड्यांना एवढं तेल जिरवलं, एक अंडं नाय. ती तांबडी तर नुसती ओरडते."

"तिला तुमचं तेल आठवतं," कुसाबाई म्हणाल्या.

हे बरेच दिवस चाललं. खंडेराव कंटाळले. ज्या देवीला आपण कोंबडी देऊ केली तिनं दाद देऊ नये, हा त्यांना अपमान वाटला. ते परत मरीआईकडे गेले, तसेच चारचौघांत. "कोंबडीची बोली मोडली. अंडी आली तर नारळ."

दुसऱ्या सकाळी डालग्यात अंडी निघाली. तेवढ्या कोंबड्यांना एका रात्रीत झेपतील त्याहून जास्तच. कोठीतून काढताना कुसाबाईंनी हात जरा सैल सोडला असावा.

तेव्हापासून खंडेराव पारावर सांगतात की आमच्या मरीआईला नारळच आवडतो, हे ओळखायला अनुभव लागतो.

नारळ बाजारातून आणला कुसाबाईंनी. सोलला मी. फोडला खंडेरावांनी.