स्वस्त बंदुकीचे वीस डाग

स्प्रिंगकाका कॉरिडॉरच्या फरशीवर बसकण मारून बसले होते आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. शेजारी तीन बंदुका पडल्या होत्या. फोमचे चेंडू उडवणाऱ्या, खेळण्यातल्या. दट्ट्या मागे ओढायचा, चाप दाबायचा, की नळीतून लिंबाएवढा मऊ चेंडू सुटतो. समोर, जिन्याकडे चेंडू घरंगळू नयेत म्हणून काकूंची पांढरी चादर टांगलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ होतं.

"सोळा," काका म्हणाले. मग जरा वेळाने परत, "वीसपैकी सोळा."

एकतीस वर्षं स्प्रिंगांच्या कारखान्यात तपासनीस असलेला माणूस. आलेली स्प्रिंग हजार वेळा दाबायची, सोडायची आणि टिकली तर कागदावर 'पास'चा शिक्का मारायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना टेबलावरचे दोन्ही शिक्के भेट दिले. 'पास' झिजून गुळगुळीत झालेला, आणि दुसरा, 'फेरतपासणी', अगदी कोरा करकरीत. तो एकदाही शाईत बुडाला नाही, हे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा तपासलं ते तपासलं.

काकांच्या श्रद्धा दोनच. एक, महाग ते मजबूत. छत्री घेतील ती दुकानातली सर्वांत महाग, आणि ती खराब होऊ नये म्हणून पावसात बाहेर काढणार नाहीत. दुसरी श्रद्धा तेलावर. सदऱ्याच्या खिशात शिवणयंत्राच्या तेलाची चोचीची कुपी कायम. कुठे काही कुरकुरलं की गप्पा न थांबवता हात आपोआप खिशात जातो. बँकेत एकदा त्यांनी साहेबांच्या फिरत्या खुर्चीला, साहेब बसलेले असताना, तेल दिलं होतं. साहेबांनी पुढची सही भिंतीकडे तोंड करून केली.

बंदुकांचं प्रकरण त्यांच्या पुतणीचं. तिचं खेळण्यांचं छोटं दुकान, आणि समोर नुकतंच दुमजली दुकान उघडलेलं. सुट्ट्यांआधी एकाच मालाने फळी भरता येईल एवढीच तिची ताकद. स्वस्त घ्यावी, मधली घ्यावी की महाग? निवड चुकली तर वर्षभर ती फळी तिच्याकडे बघत बसणार आणि गिऱ्हाईक समोर जाणार. तिने तिन्हींचे दोन-दोन नमुने काकांकडे पाठवले आणि सांगितलं की तुम्ही म्हणाल ते. व्यापाऱ्याला उत्तर संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं.

काकांनी निकाल मनात आधीच लावला होता. महाग बंदूक हातात घेताना त्यांचा आवाजसुद्धा मऊ झाला. स्वस्तवालीचं प्लॅस्टिक बघून मात्र ते म्हणाले की साबणाची डबीसुद्धा याहून जाड असते. दहा पावलांवरून प्रत्येकी वीस चेंडू. मधलीचे नऊ वर्तुळात लागले. महागडीचे अकरा, शिवाय दोनदा ती अडकली. आणि साबणाच्या डबीचे सोळा.

काका हबकले, पण बेइमान नव्हते. बारा वाजता पुतणीला फोन करून जड आवाजात म्हणाले, "स्वस्तवाली पास." आणि जेवले नाहीत. माझी सगळी छत्र्यांची खरेदी चुकली की काय, असं काहीसं पुटपुटत राहिले.

चार वाजता काकूंनी भिजवायला म्हणून चादर काढली आणि तशीच हातात धरून बाहेर आल्या.

"अहो, तुमच्या त्या स्वस्त बंदुकीला घाम येतो का?"

चादरीवर बोराएवढे पिवळट डाग होते. काका म्हणाले, धुळीचे असतील.

"धुळीचे? मोजलेत मी, वीस आहेत. सोळा वर्तुळात, चार बाहेर. सकाळपासून हेच आकडे ऐकवताय ना मला?"

काकांनी चादर नाकाशी नेली. तो वास त्यांच्या ओळखीचा होता; एकतीस वर्षं त्या वासातच डबा खाल्ला होता. हात हळूहळू खिशाकडे गेला. कुपी सकाळपेक्षा हलकी होती.

"मी तेल घातलं?"

"नाही, शेजारणीने घातलं," काकू म्हणाल्या. "ओढताना ती कुरकुरली असेल. तुम्हाला कुठे कळतं, हात कधी खिशात गेला ते."

मघाशी महाग बंदूक हरली तेव्हा काकांचं तोंड उघडं राहिलं होतं. आता ते मिटलं, आणि हे जास्त वाईट दिसत होतं. तपासायच्या मालाला तपासणाऱ्याने तेल द्यायचं, म्हणजे परीक्षकानेच उत्तरपत्रिका सोडवायची. त्यांनी स्वस्त बंदुकीचा दुसरा, कोरडा नमुना उचलला. कुरकुर झाली, काकूंनी त्यांचा हात धरून ठेवला. वीसपैकी सात. पुढे चाचणी चालू ठेवली तर तिसाव्या खेपेला दट्ट्या असा रुतला की सुटेचना. न्याय म्हणून महागडीलाही एक थेंब दिला. तिचे पुन्हा अकराच. तेल घाला नाहीतर तूप घाला, तिला फरक नव्हता.

पुतणीचा फोन लागेना. काका घरातल्या चपलांवरच निघाले. पाचला दहा कमी असताना दुकानात शिरले आणि धापा टाकत सगळं सांगून टाकलं. तेलाचं, चादरीचं, सातचं.

पुतणी बघतच राहिली. "पण काका, मी तर साडेबारालाच कळवलं. दोनशे. माल आलासुद्धा." मागे छतापर्यंत खोकी रचलेली होती. "तुम्ही पास म्हणालात, मग पाचपर्यंत थांबायचं कशाला?"

काका खोक्यांकडे बघत उभे राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण ती समोरच्या दुमजली दुकानाकडे ज्या तऱ्हेने बघायला लागली, ते काकांना बघवेना. त्यांनी कुपी काढली, उजेडात धरली, हलवून पाहिली.

"दोनशेंना हे पुरायचं नाही," ते म्हणाले. "मोठी बाटली मागव. आणि एक स्टूल दे. न कुरकुरणारं."

पुढचे नऊ दिवस काका दुकानाच्या मागच्या खोलीत होते. खोकं उघडायचं, दट्ट्याला एक थेंब, फडक्याने पुसायचं, तीस वेळा ओढून बघायचं, पुन्हा बंद. सहा बंदुका तेल पिऊनही सुधारल्या नाहीत; त्या व्यापाऱ्याकडे परत गेल्या. बाकीच्या एकशे चौऱ्याण्णव खोक्यांत काकांनी एकेक चिठ्ठी टाकली: तेल दिले आहे, दर महिन्याला एक थेंब द्यावा. खाली शिक्का. तो कोरा करकरीत, आयुष्यात पहिल्यांदाच शाईत बुडालेला. पहिला उमटवण्याआधी त्यांनी शिक्का दोनदा उचलून परत ठेवला, असं पुतणी सांगते. विसाव्यापर्यंत सवय झाली.

सुट्ट्या संपल्या तेव्हा फळीवर तीन खोकी उरली होती. पुतणीने त्यातलं एक काकांना भेट दिलं. काकूंनी मात्र ते दारातच अडवलं आणि ती चादर पुढे केली. तीनदा धुऊनही डाग तसेच होते.

"आधी हिची फेरतपासणी करा," त्या म्हणाल्या. "साबण मोरीत आहे."