दोघी बहिणींची कादंबरी
परवा वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडली आणि पुठ्ठ्याच्या खळीचा ओलसर वास येताच सासूबाई आठवल्या. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायला बंदी होती, म्हणून पनवेलच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, खाली रिक्षांचा गलका चालू असताना, रोज दुपारी मी त्यांना वाचनालयाचीच एक कादंबरी वाचून दाखवत असे. गोष्ट दोन बहिणींची होती. आईला कोणी सांभाळायचं यावरून त्यांचं फाटलं होतं. सासूबाईंचंही उरणच्या थोरल्या बहिणीशी त्याच कारणावरून बारा वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे हातातला चहा निवला तरी त्या ऐकतच बसायच्या. शेवटच्या पानावर थोरली धाकटीला न भेटताच मरते. ते माझ्याने वाचवेना. मी मनाचंच वाचलं, की धाकटी दारात उभी राहते आणि थोरली तिला हाताला धरून घरात घेते. डोळ्यांना हात लावायचा नव्हता, तरी सासूबाईंनी पदर लावला आणि म्हणाल्या, “ताईला फोन लाव गं.” आता नाही कसं म्हणणार? नंबर लावला, स्पीकर चालू केला. “ताई, मी बोलतेय,” त्या म्हणाल्या. पलीकडून आवाज आला, “आता कशाला? तुझ्यासाठी मी कधीच मेले,” आणि फोन बंद झाला. सासूबाईंनी विचारलं, “पुस्तकात खरंच तसं होतं ना गं?” मी हो म्हटलं. त्या जाऊन आता चार वर्षं झाली, पण तेव्हा दुसरं काय म्हणायला हवं होतं, हे मला अजूनही सुचलेलं नाही.