बशी झाकलेला चहा
कपावर झाकलेली बशी दिसली की वडील आठवतात. गोळी घेऊनही त्यांच्या छातीतली जळजळ थांबेना, म्हणून मी त्यांना पाचूबंदरहून पोटाच्या स्पेशालिस्टकडे नेलं. वाटलं, जास्त पॉवरची गोळी देतील. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळी कधी घेता?" रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाणारे वडील म्हणाले, "मिस्सावरून आल्यावर, चहा-पाव खाऊन. कम्युनियनच्या आदी पानीपन नाय घेत मी." डॉक्टर म्हणाले, "मग घरी येताच रिकाम्या पोटी गोळी घ्या, चहा अर्ध्या तासाने." गोळी तीच राहिली आणि जळजळ महिन्याभरात गेली. आई मात्र सवयीने मिस्सा सुटायच्या वेळेलाच चहा टाकायची. वडील कपावर बशी झाकून घड्याळ बघत बसायचे, गार चहा प्यायचे, पण तिला कधी काही बोलले नाहीत. आता तीच गोळी मला लागलीय. बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, चहा उशिरा टाक.